आखातातील नोकरी आणि व्हिसा : वैद्यांनी करावयाचे पूर्वकर्म

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण वैद्यांच्या प्रश्नांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी दवाखाना कोठे थाटावा, पंचकर्माच्या उपकरणांना खर्च किती येईल, एम.डी. करावे की थेट व्यवसायात उतरावे, असे प्रश्न येत. आजही ते येतात, परंतु त्यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो : "सर, दुबईहून ऑफर आली आहे. पुढे काय करू?" प्रश्नकर्त्याच्या हाती बहुधा मोबाइलवर आलेले एक पत्र असते, एका एजंटचा क्रमांक असतो आणि आठवड्याच्या आत पैसे भरण्याची निकड असते. पत्र खरे की खोटे, पद कोणते, परवाना कोणाचा, व्हिसा कोणत्या प्रकारचा, याचा पत्ता नसतो.

निदानावाचून चिकित्सा करू नये हे आपण रुग्णाच्या बाबतीत कटाक्षाने पाळतो. स्वतःच्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या निर्णयात मात्र तो नियम सहज विसरला जातो. प्रस्तुत लेखात संयुक्त अरब अमिरातींचे उदाहरण घेऊन नोकरीच्या व्हिसाचा मार्ग क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे की, तेथे आयुर्वेद चिकित्सकास स्वतंत्र शासकीय परवाना मिळतो आणि मराठी वैद्यांचा ओढाही तिकडेच अधिक आहे. ज्यांना परदेशी जावयाचे नाही, अशा ज्येष्ठ चिकित्सकांनी व औषधनिर्मात्यांनीही हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे. तरुणांच्या अनुभवाच्या दाखल्यांवर सही त्यांचीच असते, आणि अनेकांचे भवितव्य त्या सहीवर अडते.

देशविचार : कोठे वैद्य, कोठे केवळ थेरपिस्ट

व्हिसाचा विचार करण्यापूर्वी देशाचा विचार करावा. आपली बी.ए.एम.एस. ही पदवी भारतात पूर्ण वैद्यकीय अर्हता आहे; परंतु सीमा ओलांडली की तिचे मोल त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. अमेरिकेत कोणत्याही राज्यात आयुर्वेद चिकित्सक असा शासकीय परवाना नाही. जर्मनीत रोगनिदान व चिकित्सा करण्याचा अधिकार एक तर तेथील मान्यताप्राप्त डॉक्टरांना असतो, नाही तर १९३९ च्या कायद्यान्वये परवानगी मिळविलेल्या 'हाइलप्राक्टिकर' या वर्गास असतो. बी.ए.एम.एस. पदवीधर तेथील एखाद्या आयुर्वेद केंद्रात नोकरीस लागला, तरी स्वतःच्या जबाबदारीवर निदान व चिकित्सा करू शकत नाही. हे त्या देशांचे दूषण नव्हे. तो त्यांचा कायदा आहे. परंतु "तेथे डॉक्टर म्हणून घेतो" असे कोणी सांगितल्यास कोणत्या कायद्याखाली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो बजावलाच पाहिजे.

अमिरातींत स्थिती निराळी आहे. तेथे पारंपरिक, पूरक व पर्यायी चिकित्सापद्धतींच्या गटात आयुर्वेदाचा समावेश असून चिकित्सकास परवाना दिला जातो. मात्र परवाना देणारी सत्ता एक नाही. दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटी, अबुधाबीत तेथील आरोग्य विभाग, आणि शारजा व उत्तरेकडील अमिरातींत केंद्रीय आरोग्य मंत्रालय अशी विभागणी आहे. दुबई हेल्थकेअर सिटी या मुक्त क्षेत्राची नियामक व्यवस्थाही वेगळी आहे. अर्हतेची नियमावली पुष्कळ अंशी समान असली, तरी अर्ज त्या त्या नियामकाकडेच करावा लागतो. शारजाच्या परवान्यावर दुबईत रुग्ण तपासता येत नाही. म्हणून नोकरी नेमकी कोणत्या अमिरातीत आहे, हा पहिला प्रश्न होय.

पूर्वकर्म : नाव आणि कागद

स्नेहन-स्वेदनावाचून शोधन केल्यास व्यापद संभवतात, तसेच येथेही आहे. मूळ अर्जापेक्षा त्याच्या पूर्वतयारीतच अधिक जण अडतात, आणि अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे नाव.

आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पदवीवर क्रम उलटा. नोंदणी प्रमाणपत्रावर विवाहानंतरचे नाव. आणि पासपोर्टवर यांपैकी काहीतरी चौथेच, असा प्रकार सर्रास आढळतो. विशेषतः विवाहित वैद्य भगिनींच्या कागदपत्रांत दोन संपूर्णपणे भिन्न नावे दिसतात. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु हजारो मैलांवर बसून कागद पडताळणाऱ्या कारकुनास त्या दोन व्यक्ती वाटतात. यावर उपाय आहे : महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यांच्या आधारे पासपोर्ट व कौन्सिलच्या नोंदणीतील नाव एकसारखे करून घेणे. हे काम ऑफर आल्यावर नव्हे, तर परदेशाचा विचार मनात आल्या दिवशीच सुरू करावे.

पुढील कागद जवळ असावेत : पदवी प्रमाणपत्र व सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे चालू नोंदणी प्रमाणपत्र, कौन्सिलकडून मिळणारा 'गुड स्टँडिंग'चा दाखला, अनुभवाचे दाखले आणि पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट. यांपैकी गुड स्टँडिंगचा दाखला फार आधी काढून ठेवू नये. तो अलीकडच्या तारखेचाच मागितला जातो. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले असल्यास आधी ते करावे. ज्यांची पदवी १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना होण्यापूर्वीच्या अभ्यासक्रमाची आहे, त्यांचे अभिलेख त्या वेळच्या पारंपरिक विद्यापीठाकडे असतात. पडताळणीचा अर्ज भरताना विद्यापीठाचे नाव बिनचूक लिहावे, अन्यथा विचारणा भलत्याच दारी जाते आणि उत्तर "अभिलेख आढळत नाही" असे येते.

यानंतर साक्षांकन. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून सहभागी आहे. ओमान २०१२ पासून व सौदी अरेबिया २०२२ पासून त्या करारात असल्याने तेथे अपोस्टिल चालते. अमिरातींसाठी मात्र साक्षांकनाची साखळी लांब आहे : प्रथम राज्य शासनाचा सक्षम विभाग, मग आपले परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातींचा भारतातील दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी तेथील परराष्ट्र मंत्रालय. मधली पायरी वगळून पुढची चढता येत नाही. मूळ पदवी प्रमाणपत्र या प्रवासात आपल्या हातून सुटते. म्हणून ते कोणाच्या स्वाधीन केले याची पावती घ्यावी आणि उत्तम प्रतीची स्कॅन केलेली प्रत आधी काढून ठेवावी.

अनुभवाचा दाखला : येथे प्रश्न आपल्या सहीचा आहे

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला, त्याकडे वळू. आखातातील नियामक अर्जदाराने दिलेल्या कागदावर विश्वास ठेवीत नाहीत. 'डेटाफ्लो' या संस्थेमार्फत प्रत्येक कागदाची त्याच्या मूळ स्थानी पडताळणी होते. विद्यापीठाला विचारले जाते, कौन्सिलला विचारले जाते, आणि ज्या रुग्णालयाने वा दवाखान्याने अनुभवाचा दाखला दिला त्यालाही थेट विचारले जाते : ही व्यक्ती आपल्याकडे होती काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर, पूर्ण वेळ की अंश वेळ?

आपल्या व्यवसायात अनुभवाचा दाखला हा सौजन्याचा विषय मानला गेला आहे. ओळखीच्या मुलाने येऊन "सर, दोन वर्षांचे लिहून द्या" म्हटले की नाही म्हणवत नाही. कित्येकदा तो मुलगा दवाखान्यात सहा महिनेच बसलेला असतो, कित्येकदा तोही नाही. भावना चांगली असते; परिणाम मात्र विपरीत होतो. पडताळणीत तारखा जुळल्या नाहीत, तर अहवाल प्रतिकूल जातो व अर्ज फेटाळला जातो. तीच संस्था आखातातील अनेक देशांच्या नियामकांसाठी काम करते, म्हणून एका ठिकाणचा डाग दुसऱ्या ठिकाणीही दिसतो. ज्याचे भले करावे म्हणून दाखला दिला, त्याच्यासाठी आखाताचे दारच बंद होते. दाखला देणाऱ्याच्या नावावर असत्य प्रमाणपत्र दिल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

याउलट, दाखला अक्षरशः खरा असूनही तरुण अडलेले आम्ही पाहिले आहेत. एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ वैद्यांकडे तीन वर्षे निष्ठेने काम केलेल्या एका तरुणाचा अर्ज केवळ एवढ्यावर रखडला की, पडताळणीचा ई-मेल त्या वैद्यराजांच्या कधीच न उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर पडून राहिला. विचारणा तीनदा झाली, उत्तर एकदाही गेले नाही, आणि "पडताळणी होऊ शकली नाही" असा शेरा आला. ऑफर देणाऱ्या संस्थेने तेवढ्या अवधीत दुसरा उमेदवार घेतला.

म्हणून दाखला देणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. दाखला संस्थेच्या लेटरहेडवर असावा. त्यावर संपूर्ण पत्ता, दूरध्वनी, चालू ई-मेल, सही करणाऱ्याचे नाव, पद व नोंदणी क्रमांक असावा. रुजू होण्याची व सोडण्याची तारीख दिवस-महिना-वर्षासह लिहावी. पद व कामाचे स्वरूप स्पष्ट असावे : बाह्यरुग्ण तपासणी, पंचकर्म, आंतररुग्ण सेवा, यांपैकी जे असेल ते. पूर्ण वेळ की अंश वेळ, हे लिहावे. दाखल्याची एक प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे चार वर्षांनी विचारणा आली तरी त्याच तारखा सांगता येतील. हजेरीपत्रक व वेतन दिल्याची नोंद असेल तर उत्तमच.

औषधी कारखान्यांच्या मालकांसाठी एक वेगळी सूचना. निर्मिती विभागात तांत्रिक तज्ज्ञ म्हणून काम केलेल्या वैद्यास त्या कामाचाच दाखला द्यावा. तो मोलाचा अनुभव आहे. परंतु तो रुग्णसेवेचा अनुभव नव्हे. त्यास 'कन्सल्टंट' असे नाव दिल्याने तो रुग्णसेवेचा होत नाही. हीच गोष्ट ॲलोपॅथिक रुग्णालयात आर.एम.ओ. म्हणून केलेल्या कामाची. महाराष्ट्रातील पुष्कळ बी.ए.एम.एस. पदवीधरांची पहिली पाच-सात वर्षे रात्रपाळीच्या अशाच नोकऱ्यांत जातात. आयुर्वेद चिकित्सकाच्या परवान्यासाठी आयुर्वेद चिकित्सेचा अनुभव अपेक्षित असतो. इंटर्नशिपचा काळ तर पदवीचाच भाग असल्याने तो अनुभवात धरू नये. परदेशी जाण्याची इच्छा असणाऱ्याने निदान शेवटची काही वर्षे तरी शुद्ध आयुर्वेदाच्या कामात व नोंद राहील अशा ठिकाणी घालवावीत. किती वर्षांचा अनुभव हवा, त्यात खंड चालतो की नाही, हे अर्ज करतेवेळी लागू असलेल्या नियमावलीच्या आवृत्तीत पाहावे. परिचिताने मागील वर्षी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

प्रधानकर्म : परवाना, करार आणि व्हिसा यांचा क्रम

पडताळणी अनुकूल झाली व नियामकाची संगणकीय परीक्षा उत्तीर्ण झाली की अर्जदारास पात्रता मिळते. पात्रता म्हणजे परवाना नव्हे. एखाद्या मान्यताप्राप्त दवाखान्याने आपल्या नावे परवाना कार्यान्वित केल्यावरच रुग्ण तपासता येतो, आणि तोही त्याच दवाखान्यात. पात्रता हाती असलेल्या वैद्याशी मालक वेगळ्या भाषेत बोलतो, हा अनुभव आहे. म्हणून शक्य असेल तर पात्रता आधी मिळवावी व नोकरी नंतर शोधावी.

नोकरी ठरल्यावरचा क्रम असा. मालक ऑफर देतो व उमेदवार ती स्वाक्षरीत करतो. मालक तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडून वर्क परमिटची मंजुरी घेतो. मुक्त क्षेत्रात हे काम त्या क्षेत्राचे प्राधिकरण करते. त्यानंतर नोकरीसाठीचे प्रवेशपत्र निघते व त्यावर उमेदवार देशात प्रवेश करतो. तेथे वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात, एमिरेट्स आयडी हे ओळखपत्र मिळते व निवासी परवाना निघतो. नोकरदाराचा निवासी परवाना सामान्यतः दोन वर्षांचा असतो. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का चिकटवीत. २०२२ पासून ती पद्धत बंद होऊन ओळखपत्रच निवासाचा पुरावा मानले जाते. पासपोर्टवर शिक्का नाही म्हणून फसवणूक झाली, असे समजून घाबरू नये.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, व्हिजिट व्हिसावर जाऊन काम सुरू करू नये. मुलाखतीसाठी वा नोकरी शोधण्यासाठी जाणे निराळे. त्यासाठी २०२२ पासून स्वतंत्र प्रकारचा व्हिसाही उपलब्ध आहे. "आधी व्हिजिटवर या, रुग्ण पाहायला लागा, कागद मागाहून करू" असे जो मालक म्हणतो, तो आपल्याला दुहेरी गुन्ह्यात लोटतो : वर्क परमिटविना नोकरी आणि परवान्याविना चिकित्सा. २०२४ च्या दुरुस्तीनुसार परमिटविना माणसे कामास ठेवणाऱ्या मालकास १ लाख ते १० लाख दिरहॅम दंडाची तरतूद झाली आहे. दंड मालकास होतो, तरी हद्दपारीची टांगती तलवार आपल्याही डोक्यावर राहते.

दुसरी सूचना पदनामाची. ऑफरवर 'आयुर्वेद चिकित्सक', वर्क परमिटवर 'मसाज थेरपिस्ट' आणि तोंडी आश्वासन 'डॉक्टर' असा त्रिदोषप्रकोप आढळला, तर तेथेच थांबावे. परवान्यावरील पद व वर्क परमिटवरील पद यांचा मेळ बसला पाहिजे. थेरपिस्टच्या पदावर गेलेल्या वैद्याने रुग्णास औषध लिहून दिले आणि काही विपरीत घडले, तर त्याच्या बाजूने उभा राहील असा एकही कागद नसतो. तेथे वैद्यकीय उत्तरदायित्वाचा विमा बंधनकारक आहे, आणि तो परवान्याच्या मर्यादेतच संरक्षण देतो. मिश्र चिकित्सेची सवय असलेल्यांनीही हे ध्यानी घ्यावे. येथे ज्या हाताने आपण सलाइन लावतो, त्या हातास तेथे तो अधिकार नाही.

करारपत्र वाचताना

अमिरातींचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा असून तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातील काही तरतुदी प्रत्येक उमेदवारास ठाऊक असाव्यात. भरतीचा व नोकरीवर घेण्याचा खर्च मालकाने करावयाचा असून तो प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. म्हणजे "व्हिसाचे पैसे" म्हणून कोणी दीड-दोन लाख रुपये मागितले, तर ती मागणीच कायद्याविरुद्ध आहे. कागदपत्रांची पडताळणी, परीक्षा व साक्षांकन यांचा खर्च मात्र बहुधा उमेदवारालाच करावा लागतो, कारण तो नोकरी ठरण्याआधीचा असतो. हे दोन खर्च वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे. पासपोर्ट व अन्य अधिकृत कागद मालकाने अडवून ठेवणेही कायद्यास मान्य नाही.

परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. या काळात मालकाने काढून टाकल्यास १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्मचारी देश सोडून जात असेल तर त्यानेही १४ दिवसांची, आणि तेथेच दुसरीकडे रुजू होत असेल तर एक महिन्याची नोटीस द्यावयाची असते. नोकरी सोडल्यावर स्पर्धक दवाखान्यात काम न करण्याची अट घालता येते, परंतु तिची मुदत दोन वर्षांहून अधिक असू शकत नाही. ही अट करारात आहे काय, कोणत्या क्षेत्रापुरती आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

वेतनाच्या एकूण आकड्याने भुलू नये. वर्ष पूर्ण झाल्यावर मिळू लागणारी सेवाअखेरीची ग्रॅच्युइटी ही मूळ वेतनावर मोजतात : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन व त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे. समजा एकूण वेतन ८,००० दिरहॅम आहे. त्यातील मूळ वेतन ३,००० दाखविले तर वर्षाची ग्रॅच्युइटी २,१०० होते. मूळ वेतन ५,००० असेल तर ३,५००. पाच वर्षांत हा फरक ७,००० दिरहॅमचा पडतो, आणि दोन्ही ऑफरपत्रांवर एकूण आकडा मात्र तोच दिसतो. कुटुंब नेण्याचा विचार असल्यास वेतन किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० व सोबत निवासाची सोय, एवढे असावे लागते, हेही आधी पाहावे.

एजंटाची परीक्षा

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करण्याचा व्यवसाय १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नियंत्रित आहे. परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी शासनाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. एजंटाचे नाव तेथे नसेल तर बोलणी तेथेच संपवावी. परवानाधारक एजंटासही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जी.एस.टी. एवढेच घेता येते, आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट नसते. त्यामुळे पदवीधर वैद्यास संरक्षकांच्या कार्यालयात जावे लागत नाही. ही सवलत आहे खरी, पण तिची दुसरी बाजू अशी की, आपला करार विमानतळापूर्वी कोणीही शासकीय अधिकारी तपासत नाही. तो आपणच तपासावयाचा असतो. प्रवेशपत्र खरे आहे की नाही, हे अमिरातींच्या शासकीय संकेतस्थळांवर क्रमांक घालून पाहता येते. तेवढे केल्यावाचून विमानाचे तिकीट काढू नये.

वैद्यकीय तपासणी

कुवेत, कतार, सौदी अरेबिया यांसारख्या देशांसाठी जाण्यापूर्वीच भारतातील मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते. पूर्वी 'गामका' म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था आता 'वाफिद' या नावाने चालते. अमिरातींत निवासी परवान्यापूर्वी तपासणी तेथे होते. रक्तात एच.आय.व्ही. व छातीच्या क्ष-किरण छायाचित्रात क्षय, या दोहोंवर मुख्य भर असतो. ज्यांना पूर्वी क्षय होऊन बरा झाला आहे, त्यांच्या फुप्फुसावरील जुना व्रणही अडचण निर्माण करू शकतो. अशांनी नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वीच येथे छायाचित्र काढून छातीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

आपल्याकडे असे रुग्णही येतात, ज्यांना गवंडीकामासाठी, वाहनचालक म्हणून आखातात जावयाचे असते व "एक्स-रेवरचा डाग घालविणारे औषध द्या" अशी त्यांची मागणी असते. जुना व्रण औषधाने पुसला जात नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. आठ दिवसांत डाग घालविण्याचे आश्वासन देऊन कर्जबाजारी माणसाचे आणखी पैसे घेणे हे वैद्यवृत्तीस शोभणारे नाही. आणि डाग नवा असेल, तर त्याला आखाताची नव्हे, क्षयाच्या पूर्ण चिकित्सेची गरज आहे.

पेटीतील औषधे

वैद्य प्रवासाला निघाला की पेटीत औषधे येणारच. येथे आपल्या विद्येचेच काही योग आपल्याला तुरुंगाच्या दारी नेऊ शकतात. अमिरातींत अफू व भांग यांचे कोणतेही रूप निषिद्ध आहे; एवढेच नव्हे, तर स्वयंपाकातील खसखसही निषिद्ध आहे. अहिफेनयुक्त कर्पूर रस, महावातराज रस, कामिनी विद्रावण रस, तसेच विजयायुक्त जातीफलादि चूर्ण व कामेश्वर मोदक यांपैकी काहीही पेटीत असू नये. आईने बांधून दिलेल्या डिंकाच्या लाडवांत खसखस आहे काय, हेदेखील विचारून घ्यावे. स्वतःसाठी नियमित लागणारी औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह व थोड्या प्रमाणात न्यावीत. नियंत्रित यादीतील औषध लागत असल्यास तेथील आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते.

रुग्णांना देण्यासाठी औषधांचा साठा पेटीतून नेणे तर सर्वथा टाळावे. तेथे नोंदणी झालेलीच उत्पादने विकता वा देता येतात. औषधनिर्मात्यांना याची पार्श्वभूमी ठाऊक आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. रसौषधींविषयी आपली भूमिका काहीही असो, परक्या देशात वैद्याच्या पेटीतून निघालेल्या पुडीवर तीच चाचणी होणार, हे विसरू नये.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम पाळावा लागतो, तसा येथेही पाळावा. भारतातील नोंदणी बंद पडू देऊ नये. परवान्याच्या नूतनीकरणास वा परत आल्यावर व्यवसायास तीच उपयोगी पडते. नोकरीसाठी देश सोडल्यावर आपले साधे बचत खाते अनिवासी प्रकारात बदलून घेणे विदेशी चलनाच्या नियमांनुसार आवश्यक आहे. येथील दवाखाना बंद करीत असल्यास चालू रुग्णांना आधी कळवावे व त्यांची चिकित्सा दुसऱ्या वैद्याच्या हाती सोपवून द्यावी. पंचकर्म अर्धवट सोडून विमान पकडणाऱ्याने परदेशातील रुग्णांच्या कल्याणाची भाषा करू नये.

तेथे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच करारपत्र, ओळखपत्र व परवाना यांच्या प्रती घरी पाठवून ठेवाव्यात. वेतन थकल्यास प्रथम तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते. अडचण मोठी असेल तर अबुधाबीतील भारतीय दूतावास, दुबईतील वाणिज्य दूतावास व परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही तक्रार व्यवस्था आहे. लाजेपोटी घरी काही न कळविता सहा-सहा महिने विनावेतन काम करण्यात शौर्य नाही.

शाखांनी करावयाचे काम

परदेशी जाणाऱ्यांना अडवावे असे आमचे म्हणणे नाही. येथे बी.ए.एम.एस. झालेल्या मुलास महिनाभर रात्रपाळी करून मिळणारे वेतन किती, हे आपण सर्व जण जाणतो. आपल्यातीलच काही जण ते देतात. अशा स्थितीत तो आखाताकडे पाहत असेल तर दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. मात्र तो जाताना वैद्य म्हणून जावा, एजंटाच्या हातचे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

आपल्या प्रत्येक शाखेस तीन गोष्टी विनाखर्च करता येण्याजोग्या आहेत. पहिली, अनुभवाच्या दाखल्याचा एक समान नमुना तयार करून सभासदांना द्यावा. दुसरी, दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद करण्यासाठी दवाखान्यात एक वही ठेवण्याचा आग्रह धरावा. तीत नाव, तारखा, पद व दाखला दिल्याचा दिवस एवढे चार रकाने पुरेत. तिसरी, परदेशी जाऊन आलेल्या वा तेथे असलेल्या सभासदांपैकी एकाची नेमणूक अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी करावी. आणि ज्या ज्येष्ठांच्या ई-मेलच्या पेटीत न उघडलेली पत्रे साठली आहेत, त्यांनी आज घरातील कोणास तरी बसवून ती पाहून घ्यावीत. कोणा एका शिष्याच्या तीन वर्षांच्या सेवेची विचारणा कदाचित त्यांतच पडून असेल.